जाळीतलं झुडूप

प्राध्यापकांनी जाळीच्या पिशवीची गाठ सोडली, आत डोकावून पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. झुडूप फळांनी लगडलं होतं.

डोंगरावरच्या या झुडपांची सगळी भिस्त शिंजिरांवर. लाल फुलात चोच घालून रस प्यायचा आणि कपाळाला चिकटलेले पराग पुढच्या फुलाला फुकटात पोचवायचे, हा त्या इवल्या पक्ष्याचा उद्योग. त्याच्यावाचून झुडपांचं कितपत अडतं, हे पाहायला प्राध्यापकांनी बहराआधीच काही झुडपांवर पिशव्या चढवल्या होत्या. बाकी पिशव्यांत एकही फळ नव्हतं. विश्रामगृहाच्या खिडकीसमोरचं हे एकटंच पक्ष्यांच्या नाकावर टिच्चून फळलं होतं.

दुपारपर्यंत विभागप्रमुखांना फोन गेला. स्वयंपूर्ण झुडूप, नवा शोध, उद्याच्या परिषदेत भाषण. भाषणात ‘कुणाच्याही मदतीशिवाय’ या शब्दांखाली प्राध्यापकांनी दोन रेघा ओढल्या. ते शब्द त्यांच्या खास मर्जीतले. लग्न ठरलं त्याच वर्षी लागलेली नोकरी आपण वशिल्याशिवाय मिळवली, हे ते सासऱ्यांना अधूनमधून ऐकवत. सासरे मान डोलावत.

हवापालटाला आलेले सासरे संध्याकाळी खिडकीशी चहा घेत बसले होते. त्यांनी भाषण शेवटपर्यंत ऐकलं, छान झालंय म्हणाले, आणि त्या पाखराचंही दोन ओळींत काही घालता येईल का, असं विचारलं.

“कुठल्या पाखराचं, बाबा?”

“तुम्ही पहाटे वर डोंगरात गेलात की यायचं हो. जाळीवर चोच आपटत बसायचं. बघवेना. मग मी गाठ सोडायचो. त्याचं पिऊन झालं की होती तशी बांधून ठेवायचो.”

प्राध्यापकांनी भाषणाची घडी घातली. ती नीट बसेना म्हणून पुन्हा घातली.

“मग सकाळीच नाही का सांगायचं?”

“इतके खुशीत होतात, जावईबापू. म्हटलं, कशाला.”

प्राध्यापकांनी विभागप्रमुखांना फोन लावून भाषण रद्द केलं. कारण विचारल्यावर ‘पक्षी’ एवढंच म्हणाले. फोन ठेवून ते सासऱ्यांसमोर येऊन बसले.

“बाबा, माझ्या नोकरीच्या वेळी तुम्ही कुणाला भेटला होतात?”

सासरे चहा ढवळू लागले. साखर त्यांनी कधीच सोडली होती.