तिसावी नळी

धाकटीने छापील यादीवर फूटपट्टी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचायला घेतली. पहिली, निर्दोष. दुसरी, निर्दोष. यादी निरोगी बायकांच्या रक्ताची होती, त्यामुळे तिच्यात दुसरं काही निघायचं कारणच नव्हतं. एकोणतिसाव्या ओळीपर्यंत तिचा चहाही संपला. तिसाव्या ओळीवर पट्टी थांबली. तिथे लिहिलं होतं, दोष आहे.

तिने पुन्हा वरून मोजलं. यादीत नावं नव्हती, नुसते आकडे होते. पण तिसावी नळी कुणाची, हे तिला कुठलीही वही न उघडता ठाऊक होतं.

घरात ती धाकटी, दवाखान्यात मॅडम. बारा वर्षं ती एकाच औषधामागे हात धुऊन लागली होती. काही घराण्यांत एक जनुक बिघडलेलं असतं. ते आईकडून येतं नाहीतर वडिलांकडून, आणि त्या घरच्या बायकांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर गाठण्याची भीती इतरांपेक्षा फार मोठी. तिचं औषध नेमक्या त्या बिघाडाचा फायदा घेऊन कॅन्सरच्या पेशी मारायचं. निरोगी पेशींना ते फारसं काही करत नाही, हे दाखवायला तीस धडधाकट बायकांचं रक्त हवं होतं. एकोणतीस जमल्या. तिसावी काही केल्या मिळेना, तेव्हा तिने ताईला गळ घातली.

आता शोधनिबंध छापायला गेला, तर परीक्षकांनी एक साधा प्रश्न विचारला होता. या तीस बायकांचं ते जनुक शाबूत आहे, हे तुम्ही तपासलंत का? तपासलं नव्हतं. फॉर्मवर 'घरात कुणाला कॅन्सर?' असं विचारलं होतं, तेवढ्यावर भागवलं होतं. तो रकाना बहिणीच्या वतीने धाकटीनेच भरला होता. वडील एकुलते एक. त्यांची आई ते पाच वर्षांचे असताना 'पोटाच्या दुखण्याने' गेली, एवढंच घरात बोललं जायचं. रुग्णांच्या सात पिढ्या खोदून काढणाऱ्या या बाईने स्वतःच्या घरापुरतं 'कुणाला नाही' लिहून टाकलं.

ताई मोटार चालवायला शिकवते. बावीस वर्षं ती नवशिक्यांच्या शेजारी बसली आहे. समोरून ट्रक अंगावर आला तरी आवाज न चढवता "डावीकडे घे, राजा" म्हणणारी बाई. पण दवाखान्याची पायरी चढली की तिचे हातपाय गळतात. त्या दिवशी रक्त देताना तिने भिंतीकडे तोंड केलं होतं आणि धाकटीचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता. तपासणीत तुमच्या प्रकृतीविषयी काही आढळल्यास कळवावे का? ताईने 'नको'वर खूण केली.

"नको कशाला?" धाकटीने विचारलं होतं.

"कळलं तर मी त्याच दिवशी मरेन. नाही कळलं तर निदान मजेत जगेन तोवर."

दोघी हसल्या होत्या. यातून काय निघणार आहे, असंच धाकटीला वाटलं होतं.

यादी घेऊन ती प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे गेली. त्यांच्या हाताखाली ती शिकली होती, आणि आजही त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवरच बसायची. सरांनी ओळ वाचली, चष्मा काढला.

"दोनदा तपासलंय," ते म्हणाले. "तिसरी तपासणीही हेच सांगेल."

"मी आज तिला सांगते."

"तिने 'नको' लिहिलंय."

"सर, ती माझी सख्खी बहीण आहे. सेहेचाळीस वर्षांची आहे. आत्ता कळलं तर अंडाशय काढून टाकता येतील, स्तनांवर लक्ष ठेवता येईल. नाही कळलं तर..." पुढचं तिला बोलवेना. असल्या बायका ती रोज बघत होती. पोट फुगलं म्हणून येतात आणि तोवर सगळीकडे पसरलेलं असतं.

सरांनी यादी उलटी करून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "तो प्रश्न फॉर्मवर घालायचा हट्ट कुणी धरला होता?"

तिनेच. संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे ती तासभर भांडली होती. माणसाला न कळण्याचाही हक्क असतो, आपण डॉक्टर म्हणून तो हिसकावून घ्यायचा नाही. सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. आता ते शब्द आठवून तिला स्वतःचाच राग आला.

"एक वाट आहे," सर म्हणाले. "तू तुझं रक्त तपास. तुझ्यात निघालं तर ती तुझी गोष्ट. तुझी गोष्ट तू कुणालाही सांग. बहिणीला सांगितलीस तर ती आपणहून येईल."

"आणि नाही निघालं तर?"

त्यांनी चष्मा घातला आणि यादी तिच्याकडे परत सरकवली.

पुढचे नऊ दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. आपल्यात दोष निघावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली ती जगातली एकटीच डॉक्टर असावी. आणि निघेल या भीतीने रात्रंदिवस धास्तावलेलीही तीच. अंघोळ करताना हात छातीवर थबकायचा. जरा पोट जड वाटलं की घाम फुटायचा. एका रुग्णबाईला ती नेहमीच्या शांत आवाजात समजावत होती, "घाबरायचं नाही, आता चांगली औषधं आहेत," आणि बोलता बोलता तिला कळलं की आपण इतकी वर्षं हे वाक्य नुसतं फेकत आलो. त्या बाईचा हात तिने प्रथमच हातात घेतला. कुणाचा हात जास्त गार होता, सांगता आलं नसतं.

मधल्या काळात ताईचे दोन फोन आले. एकदा तिने नव्या शिकाऊची नक्कल करून दाखवली. एकदा सहज म्हणाली, "हल्ली जेवण जात नाही गं, पोट भरल्यासारखं वाटतं. वय झालं." असं शंभर बायकांना होतं आणि नव्याण्णवांचं ते नुसतं अपचन असतं, हे ती विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवायची.

दहाव्या दिवशी पाकीट आलं. निर्दोष.

तिच्या जिवात जीव आला. अगदी शरीरभर, लाज वाटावी इतका. ती खुर्चीत मागे रेलली आणि तिने मोठा श्वास घेतला. मग तिच्या लक्षात आलं. सुटली होती ती एकटी. ताईच्या वाटेचं दार बंद झालं होतं आणि फॉर्मवरच्या त्या प्रश्नाने कडी हिच्याच हाताने लागली होती. तिने कागदाची चौघडी करून पर्समध्ये टाकली.

दुपारी चारला ताईची शिकाऊ गाडीतून उतरली, तशी धाकटी चालकाच्या जागेवर जाऊन बसली. ताई शेजारच्या जागेवरच होती, पायाशी तिचा वेगळा ब्रेक.

"काय गं, या वेळी? दवाखाना बुडवलास की काय?"

धाकटीने स्टिअरिंग धरलं. कधीतरी हे उघड होईल, ताई वर्षभर तोंड बघणार नाही. पण निदान भांडायला तरी ताई असेल, एवढा एकच विचार तिने घट्ट धरून ठेवला.

"ताई, मी माझं रक्त तपासलं."

"मग?"

"दोष निघाला."

गाडी बंद होती, तरी ताईचा पाय ब्रेकवर दाबला गेला.

"म्हणजे... तुला झालाय?"

"नाही झालेला. होऊ शकतो. वेळेवर कळलं की टाळता येतो बऱ्याच अंशी." तिने नजर काचेबाहेर ठेवली. "हे बाबांकडून आलेलं असणार. म्हणून तुझ्यातही..."

"माझं मरू दे. तुला कधी कळलं हे?"

"नऊ-दहा दिवस झाले."

"आणि एवढे दिवस एकटीने उरावर घेऊन फिरतेस? मी काय मेले होते का?"

धाकटीला रडू फुटलं. ते थांबेना. ताईने तिचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं आणि लहानपणी थोपटायची तसं थोपटत राहिली.

"घाबरू नकोस. मी आहे ना," ताई म्हणाली. "हे बघ, मीपण तपासते. तुला सोबत म्हणून. रक्त द्यायच्या त्या खुर्चीत एकटीने बसायला नको तुला. माझं काही निघायचं नाही, मी दगड आहे. निघालंच तर दोघी मिळून घाबरू."

धाकटीने मान हलवली.

बाहेर पुढची शिकाऊ येऊन उभी होती. ताईने काच खाली करून तिला पाच मिनिटं थांबायला सांगितलं, पुन्हा काच वर घेतली.

"उद्या नऊनंतर मोकळी आहे मी. उपाशी यायचं असतं का?"

"नाही," धाकटी म्हणाली. "खाऊन ये."