उसनी कूर्चा

हमीदाबींच्या खुब्याचा गोळा शस्त्रक्रियेत काढण्याचे ठरले, त्याच दिवशी त्यांनी तो मुलीला उसना देऊन टाकला होता.

रोह्याच्या घराच्या मागल्या अंगणात मोरीच्या पाण्याने शेवाळलेल्या धोंड्यावरून पाय सरकून त्या पडल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी मोडलेला भाग काढून तिथे धातूचा गोळा बसवायचे ठरवले. मुलगी रिझवाना त्याच शहरातल्या एका संशोधनसंस्थेत कूर्चेच्या घर्षणावर काम करत होती. हाडाच्या टोकावरचा तो गुळगुळीत, ओलसर थर जन्मभर घासला जाऊनही झिजत कसा नाही, हा तिचा प्रश्न होता. माणसाची निरोगी कूर्चा सहजी मिळत नसे. डॉक्टर तयार होते. आईला विचारताना मात्र तिची जीभ अडखळली.

"घे की गो," खाटेवरून अम्मा म्हणाली. "पोटातून तू निघालीस, आता हाडातून तुझी डिग्री निघू दे. पन काम झालं की परत आन. मातीला द्यायचा हाय तो. अल्लाकडे मी अर्धवट नाय जायची."

देहापासून वेगळे झालेले काहीही कापडात गुंडाळून दफन करायचे, हा घरचा रिवाज होता. रिझवानाने मान डोलावली. अठ्ठ्याण्णव सालचा तो उन्हाळा होता.

संस्थेतले यंत्र नवे होते. त्याला सूक्ष्मदर्शक म्हणत, पण ते पाहत नसे, चाचपत असे. एका लवचीक पट्टीच्या टोकाला केसाहून कितीतरी बारीक सुई होती. ती कूर्चेवरून सरकताना पट्टी किती पिळली जाते, त्यावरून घर्षण मोजायचे. सुई वर उचलली की पडद्यावरची रेघ आधी खाली झुकायची आणि मग एकाएकी सुटून सरळ व्हायची. सोडण्याआधी कूर्चा सुईला क्षणभर धरून ठेवते, त्या धरण्याचा तो झोक. रिझवाना त्या झोकाकडे बघत बसे. याच खुब्यावर, याच कडेवर ती लहानाची मोठी झाली होती. पण हे लिहायला तिच्या प्रबंधात जागा नव्हती.

रविवारी रोह्याहून फोन येई.

"काय गो, माझा तुकडा कसा हाय?"

"मजेत आहे."

"माझ्यापेक्षा त्याचीच खबर तुला जास्त. कधी आनतेस?"

"थोडंच राहिलंय, अम्मा."

थोडे नेहमीच राहत असे. गोळ्यावरून काढलेले पातळ काप एकेक करून सुकत, निकामी होत. ती ते कोरडे कण जपून गोळ्याच्याच बरणीत ठेवून देई. शेवटच्या कापातून मात्र सगळ्यांत स्वच्छ रेघा उमटू लागल्या होत्या. तो तिने पोलादाच्या लहानशा चकतीवर चिकटवला होता. मापताना नमुना तसूभरही हलू नये म्हणून गोंद तिनेच निवडून घेतला होता.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी अब्बांचा फोन आला. अब्बांचे, म्हणजे सईदभाईंचे, रोह्यात तांदळाचे दुकान होते. गिऱ्हाइकांना हाका मारून कमावलेला त्यांचा आवाज त्या दिवशी ओळखू येईना.

"गेली गो. झोपेतच. असरच्या नमाजानंतर, पाचच्या सुमाराला, माती हाय. नीघ."

ती निघाली, पण आधी संस्थेत गेली. बरणी फडताळात होतीच. चकती घेऊन ती टेबलाशी बसली आणि पात्याच्या धारेने काप सोडवू लागली. तो सुटेना. तिने काप ओला ठेवणारे क्षारजल बदलले, कडेकडेने पाते सरकवले, श्वास रोखून धरला. एक धागा तेवढा तुटून वर आला आणि त्या तुटण्याने तिचा हात थांबला. अम्माला आणखी फाडावेसे तिला वाटेना. तिने चकती होती तशीच डब्यात ठेवली, बरणी पिशवीत घातली आणि घड्याळाकडे पाहिले. पनवेलहून सुटणारी गाडी आता मिळणार नव्हती.

पुढली पॅसेंजर पेणपर्यंत नीट चालली आणि कासू स्थानकात उभी राहिली. कोकणात जाणाऱ्या एक्स्प्रेसला वाट द्यायची होती. बाहेर शेतांत कापणी चालली होती. समोरच्या बाकावरच्या बाईने तिच्या मांडीवरच्या डब्याकडे बोट केले.

"मासली काय गो?"

"नाही. आईचं आहे."

"मंग सांभाल. गाडीनं रूल बदलताना हिसका बसतो."

एक्स्प्रेस धडधडत गेली. पॅसेंजर तरीही बराच वेळ हलली नाही.

घरी पोचली तेव्हा ओसरीवरची उन्हे उतरली होती. दारात भावजय फरझाना उभी होती. नवरा दुबईत, त्यामुळे सासूचे शेवटचे सगळे तिनेच केले होते.

"लय थांबलो गो तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तोंड उघडंच ठेवलं व्हतं. मंग मौलवी म्हनाले, आता नको."

रिझवाना तशीच कब्रस्तानापर्यंत गेली. बायका आत जात नसत. ती फाटकाशी थांबली. लोक परतले होते, अब्बा एकटेच मागे राहिले होते. तिने बरणी आणि डबा त्यांच्या हातांत दिला. त्यांनी डब्याचे झाकण उघडले.

"हे लोखंड कशाला?"

"सुटत नाही, अब्बा. तेच सोडवत बसले. गाडी गेली त्यात."

त्यांनी चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग खांद्यावरचा पांढरा रुमाल काढून त्यांनी सगळे त्यात एकत्र बांधले.

"तिच्या कंबरेत केवढा गोळा गेला लोखंडाचा," ते म्हणाले. "ही एवढीशी तिला काय जड हाय?"

फाटकाच्या गजांतून तिला कबरीवर वाकलेली त्यांची पाठ दिसत होती आणि ओल्या मातीत खुपसलेली बोटे. अम्माचा चेहरा त्या मातीखाली होता. तिने तो पाहिला नव्हता आणि आता कुणीच पाहणार नव्हते. उसने परत पोचले होते. ते परत घेणारी मात्र थांबली नव्हती.

नळावर हात धुऊन अब्बा बाहेर आले. दोघे घराकडे निघाले. ते पुढे, ती मागे.

"काय निघालं गो त्यातनं?" वळून न बघता त्यांनी विचारले.

"बर्फावर बर्फ घासतो ना, अब्बा... त्याहूनही कमी घासायचा तिचा सांधा."



"व्हय," ते म्हणाले. "चालायची तर आवाजच नाय यायचा. दुकानात मागं येऊन कधी उभी राह्यची, कळायचंच नाय. मी दचकलो की हसायची."

बाजारपेठेच्या वळणावर ते थबकले आणि, अम्मा येतेय ना हे बघायच्या सवयीने, मागे वळून पाहिले. मागे रिझवाना होती. पुढल्या वळणावर त्यांनी पुन्हा पाहिले. तिच्या चपलांचा आवाज तर त्यांना सारखा ऐकू येतच होता.