पहिला घोट

"बाइंडरबाई, ही सात पुस्तकं. आधी पेन्सिलच्या रेघा खोडा, मग शिवा," म्हणत ग्रंथपालांनी गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "सगळी खुनाचीच. तुमची मजा आहे बुवा! शेवटची पानं निखळून आधी तुमच्याच हातात. खुनी कोण ते फुकटात कळतं."

मी हसले. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बावीस वर्षं मी पुस्तकं शिवतेय. रेघ खोडल्याशिवाय सुईत दोरा ओवायचा नाही, हा इथला नियम. त्यामुळे कोण कुठे थबकलं ते आधी मला कळतं. कुणी गुप्तहेराच्या हुशारीवर रेघ मारतं, कुणी रक्ताच्या डागावर. या सातांत मात्र सगळ्या रेघा शेवटच्या प्रकरणात होत्या. सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून गुप्तहेर खुनाचा हेतू सांगतो ना, तिथे. वारशापाशी रेघ नव्हती, सूडापाशी नव्हती, मत्सरापाशीही नव्हती.

'जी रोज औषध देते, तिच्याकडे कोण बघतं?'

'तिला काही मिळवायचं नव्हतं. तिला एक दिवस फक्त झोपायचं होतं.'

'दमणं हाही हेतू असतो, महाशय.'

रबर फिरवता फिरवता मी मागच्या खिशातलं, पुस्तक नेणाऱ्यांच्या नोंदीचं कार्ड ओढून पाहिलं. मग दुसरं. मग सातही. सगळ्यांवर शेवटचं नाव एकच. माझ्या धाकट्या बहिणीचं.

रबर हातातून सुटून टेबलाखाली गेलं. ते उचलायला मी वाकले आणि तशीच बसून राहिले.

चिमी आठ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करते. नवरा बोटीवर, वर्षाकाठी एकदा उगवणारा. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली होती, "ताई, दमले गं. कधी कधी वाटतं, पुरे आता." मी म्हटलं, "होईल सगळं नीट," आणि फोन ठेवून खळ ढवळायला गेले. भांड्याला लागत होती म्हणून.

आम्ही दोघी एका पाळण्यातल्या. तिचं पहिलं पाऊल माझ्या बोटाला धरून पडलं. वाटेत मुंगी दिसली तर चिमी वाट बदलायची. पण या पुस्तकांतला खुनी कोण असतो? मुंगीला वाट देणाराच. बावीस वर्षं शेवटची पानं शिवून मी दुसरं काय शिकले होते?

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एक पुस्तक पिशवीत घातलं आणि निघाले. वाटेत प्रत्येक चौकात वाटलं, उशीर झाला.

"अगंबाई, ताई! वाट चुकलीस का?" चिमीनं दार उघडलं. गालांची हाडं वर आलेली. तिनं चहा टाकला, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "तू घे, मी त्यांना सूप भरवून आलेच. पाच मिनिटं उशीर झाला तर तोंड फिरवतात."

ती गेली. ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकून एक तपकिरी बाटली होती. झाकण उघडं. मी बाटलीकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं. चहाची वाफ विरली, वर साय धरली. मी हात लावला नाही.

मग पावलं न वाजवता आतल्या दाराशी गेले.

"आधी तू," सासूबाई म्हणत होत्या. ओठ घट्ट मिटलेले.

चिमीनं चमचाभर सूप घेतलं, गिळलं आणि लहान मूल डॉक्टरला दाखवतं तसं तोंड उघडून दाखवलं. तेव्हा कुठे त्या ओठांना फट पडली.

"पुस्तक कुठवर आलंय, आई?"

"संपत आलं. या वेळी खुनी नर्स आहे."

"चला, म्हणजे मी सुटले!" चिमी हसली. म्हातारी हसली नाही. खाटेच्या दांडीला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल तिनं मुठीत धरली होती. मागचं खोडरबर झिजून गेलेली पेन्सिल.

पुस्तकांतल्या रेघा म्हातारीच्या होत्या. रेघा मनसुब्याच्या नव्हत्या, भीतीच्या होत्या. दिवसाला तीन वेळा, आठ वर्षं, चिमी या भीतीला चमच्यानं भरवत होती.

मी परत येऊन स्टुलावर बसले. पाठोपाठ ती आली. बाटलीचं झाकण लावत म्हणाली, "खोकल्याचं औषध उघडंच राहिलं बघ," आणि थांबली. तिनं कपातली साय पाहिली. पिशवीतून डोकावणारं पुस्तक पाहिलं.

"त्या वाचतात, ताई," ती हळूच म्हणाली. "मला कुठला गं वेळ?"

"चिमे, मी..."



तिनं कप उचलला. एक घोट घेतला, गिळला. ओठ लागलेली कड बोटानं पुसली आणि कप माझ्यापुढे सरकवला.

"घे आता," ती म्हणाली.