आत्याची मापांची वही

माझं काम काय, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. सॉफ्टवेअरची अवजारं कशी वापरायची, ते मी लिहितो. पूर्वी माणसांसाठी लिहायचो. तेव्हा कुणी वाचतच नसे, त्यामुळे चूक सापडायची भीती नव्हती. आता एआय एजंटांसाठी लिहितो. ते मेले अक्षर न् अक्षर वाचतात आणि वर तसंच वागतात.

गेल्या वर्षी इथल्या बस कंपनीने हरवलेल्या वस्तूंची खिडकी बंद केली आणि फोनवर एक एजंट बसवला. तुम्ही विचारायचं, ‘माझी छत्री सापडली का?’ तो गोदामाच्या यादीत शोधून हो किंवा नाही सांगणार. यादीत शोधायचं अवजार कसं वापरायचं, ते त्याच्यासाठी मी लिहिलं. तीन पानं, त्यात पानभर नुसती प्रस्तावना. आणि काय झकास प्रस्तावना होती म्हणून सांगू! आमच्या ऑफिसात पद्धत अशी, की लिहिलेलं तपासायला द्यायचं ते अवजार ज्याने बनवलं त्यालाच. तो म्हणाला, ‘काही राहिलेलं नाही.’ त्याला सगळं आधीच ठाऊक होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी कॉलर ताठ करून घरी गेलो.

मग माझ्या आत्याची वही हरवली.

आत्या चाळीस वर्षं कपडे शिवते आहे. सगळ्या गिऱ्हाइकांची मापं त्या एका वहीत. बसमध्ये पिशवीतून पडली असेल अशी तिला शंका होती, पण आधी दहा दिवस तिने दुकान उपसलं, घर उपसलं, चार गिऱ्हाइकांच्या दारात जाऊन आली. मग बसवाल्यांना फोन केला. एजंट म्हणाला, ‘अशी वही सापडलेली नाही.’ तिने तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच उत्तर.

‘तू जरा त्यांच्या गोदामात जाऊन बघून ये ना,’ ती मला म्हणाली.

यावर मी जे बोललो ते आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. म्हणालो, ‘आत्या, यंत्र खोटं बोलत नाही. तूच कुठेतरी विसरली असशील. वय झालं आता.’

तिची नजर फार तर वर्षभर साथ देईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिच्याकडे काजं-बटणं करायला येणाऱ्या बाईंच्या हाती ती दुकान देणार होती, वहीसकट. वहीच नाही म्हटल्यावर द्यायचं काय, मशीन आणि कात्री? तिने नवीन कामं घेणं बंद केलं. माझी बायको म्हणाली, ‘आत्या धड जेवत नाहीयेत. तू बस प्रस्तावना लिहीत.’

वही हरवून महिना होत आला तेव्हा मी पँट सैल करून घ्यायला आत्याकडे गेलो. (जरासं पोट सुटलंय एवढंच, बाकी काही नाही.) शिवण उसवता उसवता ती म्हणाली, ‘ते यंत्र तुझं लिहिलेलं वाचून बोलतं ना? मग मलाही वाचून दाखव.’

मी खुशीत येऊन फोनवर उघडलं आणि प्रस्तावनेपासून सुरुवात केली.

‘हे राहू दे. शोधायचं कसं ते सांग.’

‘वस्तूचं नाव द्यायचं. हवी तर तारीख द्यायची.’

‘नाही दिली तर?’

‘तर शेवटच्या सात दिवसांत सापडलेलंच दिसतं.’

‘हे कुठे लिहिलंयस?’

‘लिहिलं नाही. ते सगळ्यांना माहीत असतं गं!’

‘सगळ्यांना म्हणजे कुणाला?’

माहीत मला होतं, आणि अवजार बनवणाऱ्याला. एजंट बिचारा तीनदा सात दिवसांची यादी बघून ‘नाही’ म्हणाला होता. आणि तीस दिवसांनी सापडलेली कागदपत्रं, वह्या रद्दीत जातात, हे मात्र मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. आज तिसावा दिवस होता.

पँट उसवलेलीच. दुकानात पडलेली एक जुनी लुंगी गुंडाळली आणि बसवाल्यांच्या गोदामाकडे धावत सुटलो. गोदामाच्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, ‘पँट हरवली का?’ रद्दीची पोती बांधून दारात ठेवलेली होती. मी हातापाया पडून एकेक सोडायला लावलं. तिसऱ्या पोत्यात वही निघाली, तपकिरी पुठ्ठ्याची, शिवणाच्या फितीने बांधलेली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

परत येताना उघडून पाहिली. ‘शाळेच्या बाई: डावा खांदा अर्धा इंच खाली. त्यांना सांगू नये, आतून पट्टी लावावी.’ ‘पोस्टमन: उजवा खिसा खोल, किल्ल्या ठेवतो.’ आणि पुढे मी होतो. ‘भाचा: माप घेताना पोट आत ओढतो. आधी हसवावे, मग टेप लावावी.’

वही हातात पडल्यावर आत्याने ती छातीशी धरली आणि हुंदके देऊन रडली. मी माफी मागितली. ती नाक पुसत म्हणाली, ‘अरे, नंतर जी शिवेल ती मला विचारायला कुठे येणार? म्हणून लिहायचं.’

दुसऱ्या दिवशी मी प्रस्तावना उडवली. सुरुवातीलाच लिहिलं: ‘वस्तू कधी हरवली ते आधी विचारावे. तारीख न देता शोधल्यास फक्त शेवटचे सात दिवस दिसतात. तेवढ्यावरून “सापडली नाही” असे सांगू नये.’ तपासायला आत्याला दिलं. तिने चौदा प्रश्न विचारले.

परवा नवी पँट शिवून घ्यायला गेलो. आता मशीनवर काजं-बटणंवाल्या बाई बसतात. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. तिला आता माणसांच्या नुसत्या आकृत्या दिसतात. बाईंनी वही उघडली, माझं पान वाचलं, टेप गळ्यातच राहू दिली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, ‘काय हो, त्या दिवशीची लुंगी परत केलीत का?’

मला खो खो हसू फुटलं.

कोपऱ्यातून आत्या म्हणाली, ‘हं, आता घे माप.’