पुसलेल्या ओळी

वहिनीच्या रक्तपेढीचा जुना प्रोग्रॅम सर्व्हरला जोडून झाला. दिराने रक्तदात्यांची यादी उघडली. प्रत्येक ओळीत, प्रत्येक रकान्यात एकच शब्द होता: ‘डिलीटेड’.

रक्तपेढी त्याची वहिनी सांभाळायची. वरिष्ठांशी भांडून तिनेच हे काम त्याला मिळवून दिलं होतं. आजवर सगळी माहिती तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये होती. सगळ्या शाखांना दिसावी म्हणून त्याने ती सकाळी सर्व्हरवर हलवली होती. मूळ फाईलची प्रत घरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

तेवढ्यात वहिनी फोन कानाला लावूनच आत आली. "भाऊजी, ओ निगेटिव्हवाल्यांचे नंबर द्या. बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये, आणि फ्रिजमध्ये एकच पिशवी आहे."

"जरा थांबा, वहिनी."

त्याने जोडणी तोडली, पुन्हा केली. तोच शब्द. पुन्हा केली.

वहिनीने पडद्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "सगळं गेलं?"

"माहीत नाही."

"सर्व्हरवर बघितलंत?"

त्याने नकारार्थी मान हलवली. बघायचं धाडसच होत नव्हतं. तिथेही काही नसलं तर?

"प्रोग्रॅम गेला चुलीत! मला नंबर हवेत. बघा!"

त्याने प्रोग्रॅम बाजूला सारला, थेट सर्व्हर उघडला आणि ओ निगेटिव्ह रक्तदाते मागितले. क्षणभर काहीच आलं नाही. मग नावं सरसर उतरू लागली. फोन नंबरांसकट.

"आहेत," तो म्हणाला.

दोघांनी नंबर वाटून घेतले. पहिल्याने उचललाच नाही. दुसरीला ताप होता. एक शिक्षिका म्हणाली, "वर्ग सोडून निघतेच." पाठोपाठ एक सुतार निघाला.

त्यांचं रक्त वेळेत पोचलं. संध्याकाळी वॉर्डातून निरोप आला: बाई शुद्धीवर आहे, बाळाला मागतेय.

तोवर दिराला गोम सापडली होती. सर्व्हरवर दात्याच्या क्रमांकाचा रकाना जुन्या प्रोग्रॅमला न पेलणाऱ्या मोठ्या आकड्यांचा होता. क्रमांकावरून ओळीची ओळख पटली नाही की प्रोग्रॅम अख्खी ओळच पुसलेली समजायचा. रकाना लहान आकड्यांचा करताच यादी भरली.

वहिनीने एकेक ओळ तपासली. मग खुर्चीत मागे टेकली आणि एवढा वेळ कोंडलेलं रडू तिला आवरेना.

"वहिनी, चुकलं माझं."

"गप्प बसा हो," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि ती घरची प्रत उद्या इथे आणून ठेवा."