चेहरा जुळत नाही

“आता डोळे मिटून उघड,” म्हणत सुमित्राबाईंनी टॅब पावनीच्या तोंडासमोर धरला. चौथ्यांदा लाल पट्टी आली: चेहरा जुळत नाही.

जुळणार कसा? नोंदणीचा फोटो तिसऱ्या महिन्यातला. आता आठवा लागला होता आणि पावनीचं तोंड सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. रक्तदाब एकशेसत्तर. सरगूरच्या आसपास सव्वीस वर्षं बाळंतपणं करणाऱ्या नर्सला याचा अर्थ सांगायला यंत्र लागत नव्हतं. यंत्राला मात्र वाटत होतं, समोर भलतीच बाई बसवली आहे. असलं दीडशहाणं यंत्र गरोदर बाई जन्मात न पाहिलेल्यांनीच बनवावं.

त्यांनी म्हैसूरच्या ऑफिसात अर्जुनला फोन लावला. ॲपवरचे आकडे हिरवे ठेवण्याचा पगार घेणारा हा पोरगा त्यांच्याच गल्लीतला, मराठ्याचा.

“अर्जुन, हिला आत्ताच मोठ्या हॉस्पिटलात न्यायला पाहिजे. तुझं ॲप चिठ्ठी देत नाही.”

“अक्का, चेहरा जुळल्याशिवाय चिठ्ठी येत नाही, गोत्तल्ला, ठाऊक आहे ना? चिठ्ठी नसली तर तिथं घेत नाहीत. सूज उतरली की येईल बघा.”

“सूज उतरल्यावर चिठ्ठी काय चाटायची?”

“सुम्ने, उगाच माझ्यावर का चिडता? फोटो काढत राहा. नाहीतर मागच्या महिन्यासारखी खोटी भेट लागेल तुमच्या नावावर.”

मागच्या महिन्यात असाच चेहरा जुळला नाही म्हणून खोट्या भेटीचा मेमो आला होता; त्याला बाई भ्याल्या. दोन तास त्यांनी त्या पोरीच्या तोंडावर पाणी मारलं, केस मागे बांधले, तिला उजेडात बसवलं, फोटोतलीच साडी नेसवली. या दोन तासांसाठी त्यांना पुढे अर्जुनपेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली.

शेवटी टॅब पिशवीत कोंबून त्यांनी जीप बोलावली. वाटेत पावनीला झटके आले. हॉस्पिटलात तिला धावतच आत नेलं. चिठ्ठी कुणी मागितलीच नाही. पावनी वाचली. बाळ गेलं.

महिन्याभराने बाई पुन्हा तिच्या दारात बसल्या. टॅब समोर येताच पावनीने, न सांगता, डोळे मिटून उघडले. सूज उतरली होती. हिरवी खूण उमटली आणि पुढचा प्रश्न आला: बाळाचं आजचं वजन. बाईंनी शून्य टाकलं. शून्य चालत नाही, असं टॅब म्हणाला.

सुमित्राबाईंनी तो उंबऱ्यावर पालथा ठेवला आणि रक्तदाब घ्यायला पावनीचा हात आपल्या मांडीवर घेतला.