कपाळाचं फडकं

"मॅडम, नवऱ्याजवळ गेली की एखाद्या बाईचं डोकं फुटल्यावानी दुखते. ते काहून?"

संस्कृती उभी राहूनच बोलली. बिननावाच्या चिठ्ठीवर विचारायची सोय होती, पण शेजारी बसलेल्या फरहीननं पैज लावली होती, 'हिंमत असंल तं उठून विचार!' दहावीच्या मुली ओढण्यांत तोंडं खुपसून खिदळल्या. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत.

"होतं असं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. बहुतेकदा धोका नसतो, गोळ्यांनी आवरतं. दुखू लागलं की थांबायचं, पडून राहायचं. पण एकदा तपासून घ्यायलाच हवं. रक्तदाब, गरज पडली तर डोक्याचा स्कॅन. आणि एकाएकी भयंकर कळ आली, उलटी झाली, मान आखडली, तर त्याच घडीला दवाखाना."

फरहीनचं खिदळणं बंद झालं. संस्कृतीनं सगळं वहीत उतरवलं आणि ताठ मानेनं खाली बसली.

शिरपूरहून तांड्यावर पोचेपर्यंत तिनं ते दोनदा घोकलं. नवऱ्याजवळ गेलं की डोकं फुटतं, हे सोयाबीन सोंगताना निता वहिनीनंच तिच्या कानात सांगितलं होतं. घरी मात्र मायनं सारा दोष पाण्याच्या गुंडाला, डोक्यावरून वाहायच्या त्या जड हंड्याला, दिला होता. वहिनीच्या डोक्यावरचा गुंड बंद झाला, गवताचा भारा बंद झाला, तरी डोकं दुखायचंच. मग ती कामचुकार ठरली. उद्या तिला माहेरी धाडायचं ठरलं होतं.

अंगणात तिची माय रुपाबाई सुनेच्या कपाळाला फडकं आवळत होती. बाप रामधन बाजेवर बसला होता.

"हालू नको वं, कच्चून बांधू दे. मह्या लग्नाच्या सालापासनचं फडकं हाय हे. याच्यावरच काढले म्या पंचवीस वर्षं."

"तुलेही दुखे, माय?" संस्कृतीनं विचारलं. "कवा दुखे?"

रुपाबाईचा हात गाठीवरच थांबला. तिनं पदर पुढं ओढला. रामधन बाजेची सुतळी चाचपू लागला.

संस्कृतीनं दप्तर खाली ठेवलं, वहिनीच्या कपाळावरची गाठ सोडली आणि फडकं नीट घडी घालून मायच्या हातात दिलं.

"माय, बाबा, आयका. वहिनी माहेरी जात नाही. उद्या शाळा बुडवून मी तिले वाशिमच्या दवाखान्यात नेतो, दादालेही संग घेतो. अन् तपासायच्या चिठ्ठ्या दोन काढतो."